चढावर बंद पडणारे इंजिन

भरलेल्या ट्रकचे इंजिन सपाट रस्त्यावर बिनतक्रार चालते आणि घाटाच्या मध्यावर मान टाकते. डिझेल गाड्यांच्या बिघाडांपैकी हा सर्वांत दमवणारा, कारण गॅरेजमध्ये तो दिसत नाही. तिथे माल उतरलेला असतो, गाडी सपाटीवर उभी असते, मेकॅनिक रेस देतो आणि इंजिन स्वच्छ आवाजात फिरते. मग अंदाज सुरू होतात. आधी डिझेल फिल्टर बदलला जातो, मग फीड पंप, मग नोझल आणि शेवटी पंप उतरवून खोलला जातो. यातल्या एखाद्या बदलानंतर चार फेऱ्या बऱ्या जातात आणि मग कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात गाडी पुन्हा उभी राहते. मालकाचे पैसे पंपात जातात आणि दोष टाकीच्या झाकणात निघतो, असे पुष्कळदा घडते. लोडवर येणारा दोष लोडवरच मोजावा लागतो. ज्या क्रमाने डिझेल टाकीतून सिलिंडरपर्यंत जाते, त्याच क्रमाने तो शोधावा लागतो.

घाटात इंजिनावर नेमके काय येते, हे आकड्यांत पाहिले की पुढचे बरेच उलगडते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. तेव्हापासून दहाचाकी ट्रकला मालासह सुमारे २८ टन वजनाची मुभा आहे. त्याआधी ती २५ टन होती. २८ टनांची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने चालवायला चाकांपाशी साधारण ६५ अश्वशक्ती पुरते. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध एवढेच तिथे भागवायचे असते. हीच गाडी वीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी अवघ्या २० किलोमीटरने चढवायची तर चाकांपाशी जवळपास १२० अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली तूट धरून इंजिनाला १४० च्या आसपास द्यावी लागते. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचे इंजिन १८० ते २०० अश्वशक्तीचे असते. म्हणजे चढ थोडा तीव्र झाला की ते आपल्या क्षमतेच्या टोकाला पोचते. उभ्या गाडीत इंजिन ताशी दीड-दोन लिटर डिझेल जाळते. घाटात हा खप ताशी पंचवीस लिटरांच्या वर जातो. इंधनाच्या वाटेवरचा जो अडथळा दीड लिटरला जाणवतही नाही, तो पंचवीस लिटरला गळा आवळतो. हवेचे, उष्णतेचे आणि विजेच्या जोडण्यांचेही तसेच आहे. घाट नवा दोष निर्माण करत नाही, आधीपासून असलेला उघड करतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून चालू इंजिन बंद पडायला फार थोडी कारणे उरतात: डिझेल पोचले नाही, हवा पोचली नाही, धूर बाहेर पडू शकला नाही, किंवा आत काहीतरी जाम झाले. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत वीज फक्त स्टार्टरला आणि फार तर इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला लागे. त्यामुळे बंद पडलेली गाडी म्हणजे डिझेलची तक्रार, हे जुन्या मिस्त्रींचे गणित बहुतेक वेळा बरोबर येई. इलेक्ट्रॉनिक गाड्यांत त्यात एका कारणाची भर पडली. तिथे कंट्रोल युनिट स्वतः फवारा थांबवू शकते, कधी एखाद्या सेन्सरचा संकेत हरवला म्हणून, तर कधी इंजिन वाचवण्यासाठी.

पान्याला हात लावण्याआधी चालकाशी नीट बोलणे हा तपासाचा अर्धा भाग आहे आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. ‘गाडी मरते’ एवढे ऐकून पुढे जाता येत नाही. ती कशी मरते, हे विचारावे लागते. आधी ओढ कमी झाली, इंजिन अडखळले, दोन-तीन गचके दिले आणि मग बंद झाले, असे असेल तर डिझेल हळूहळू संपत गेले. चावी फिरवल्यासारखे एका क्षणात बंद झाले असेल, तर संशय विजेवर जातो. इंजिन बंद न पडता नुसते ढिले पडले, वेग रांगण्यावर आला आणि पिवळा दिवा लागला, तर कंट्रोल युनिटने ताकद मुद्दाम कमी केली आहे. या तिन्हींचा तपास वेगवेगळा आहे आणि तिन्हींची तक्रार गॅरेजच्या वहीत एकाच शब्दात लिहिली जाते.

धुराचा रंग दुसरी साक्ष देतो. काळा कुट्ट धूर म्हणजे डिझेल येते आहे आणि हवा कमी पडते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. इंधनात हवा किंवा पाणी शिरले असले की तो दिसतो. धूरच नाही आणि ताकदही नाही, याचा अर्थ सिलिंडरला पुरेसे डिझेल मिळत नाही. मात्र धुराची ही साक्ष बीएस-६ उत्सर्जन मानकाच्या गाड्यांत फारशी उरत नाही, कारण सायलेन्सरमधला फिल्टर काजळी अडवतो.

तिसरी साक्ष आरपीएमच्या काट्याची, आणि ती सर्वांत मोलाची. इलेक्ट्रॉनिक गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिनाचा फवारा थांबला, तरी चाके काही क्षण इंजिनाला फिरवत राहतात. त्या वेळी काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली आला, तर फेऱ्या मोजणारा क्रँक सेन्सर शाबूत आहे आणि कमतरता डिझेलची आहे. इंजिन फिरत असतानाच काटा एकदम शून्यावर पडला, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. सगळे डॅशबोर्डच अंधारले, तर मुख्य पुरवठा तुटला. एवढे एक निरीक्षण तासाभराची शोधाशोध वाचवते. चालकाला ते आठवत नसेल, तर पुढच्या खेपेला काट्याकडे बघायला सांगावे.

मग विचारायचे ते पुन्हा सुरू होण्याबद्दल. गाडी लगेच सुरू होते, की दहा-पंधरा मिनिटांनी, की हँड प्रायमर मारल्यावरच? टाकी भरलेली असते तेव्हाही बंद पडते, की अर्धी झाल्यावर? पावसाळ्यात सुरू झाले, की एखाद्या ठरावीक पंपावर डिझेल भरल्यावर? की अलीकडे कुणी टाकी उतरवली, वायरिंगला हात लावला, त्यानंतर? ही उत्तरे पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतात.

घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी दोषापेक्षा जिवाची काळजी आधी घ्यावी लागते. इंजिन थांबले की एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग जड होते. टाक्यांत साठलेली हवा काही वेळा ब्रेक लावण्यापुरतीच असते. पेडल पुन्हा पुन्हा मारले की ती संपते. म्हणून पहिल्याच थांब्यावर पार्किंग ब्रेकची कळ ओढून स्प्रिंग ब्रेक लावावा, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, मागच्या चाकांना टेकण लावावे आणि त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. टेकण म्हणून लावलेला दगड निघताना रस्त्यातून उचलून बाजूला टाकणे हेही त्या कामातच येते. घाटात रात्री दुचाकीस्वारांचे प्राण अशा दगडांपायी गेले आहेत.

तपासाची सुरुवात टाकीपासून होते. टाकीतून डिझेल ओढले गेले की तिथे तेवढी हवा आत यावी लागते आणि त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या माथ्यावर छोटे छिद्र असते. धूळ आणि चिखल बसून ते बुजले की टाकीत निर्वात होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. रिकाम्या गाडीत मागणी कमी असते, तेव्हा झाकणाच्या फटींतून येणारी हवा पुरते. चढावर पुरत नाही. इंजिन बंद पडताच झाकण उघडले आणि ‘सूं’ असा आवाज करत हवा आत गेली, की निदान झाले. झाकण सैल ठेवून एक खेप केली की खात्री होते. हा बिघाड काही रुपयांचा असतो, म्हणून तो पहिला तपासायचा.

टाकीच्या आत एक पाइप तळाच्या थोडा वरपर्यंत गेलेला असतो आणि त्यातून डिझेल ओढले जाते. या पाइपाला केसासारखी चीर गेली, तर ती डिझेलच्या पातळीखाली असेपर्यंत काहीच होत नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की डिझेलबरोबर हवा ओढली जाते. भोक पडलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढताना होते तसे. अशी गाडी भरल्या टाकीवर कोणताही घाट चढते आणि अर्ध्या टाकीवर मरते. फिल्टर, पंप, नोझल सगळे बदलूनही हा दोष जात नाही. टाकी भरून तोच चढ चढवून पाहणे, एवढीच त्याची परीक्षा. चढाचा कलही इथे महत्त्वाचा आहे. लांबट टाकी चासीच्या बाजूला आडवी बसवलेली असते आणि चढावर डिझेल मागच्या टोकाकडे जाते. पाइपाचे तोंड पुढच्या बाजूला असेल, तर पाव टाकीवरही ते उघडे पडू शकते.

टाकीतला कचरा हे तिसरे कारण. झाकणाच्या सीलचा तुकडा, कॅनच्या तोंडावरचा पातळ पापुद्रा, चिंधी, गंजाचे पापुद्रे यांतले काहीही पाइपाच्या तोंडाशी जाऊन चिकटते. मागणी जितकी जास्त, तितके ते घट्ट चिकटते. इंजिन बंद पडले की ओढ थांबते, कचरा सुटून खाली बसतो आणि दहा मिनिटांनी गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते. काही किलोमीटरवर पुन्हा तेच. चालक या थांब्याचा अर्थ ‘इंजिन तापले होते, गार झाले’ असा लावतो आणि तपास रेडिएटरकडे भरकटतो.

टाकी दोषी आहे की पुढची वाट, हे ठरवण्याची जुनी आणि आजही सर्वांत खात्रीची रीत म्हणजे वेगळा डबा लावणे. स्वच्छ डिझेलचा डबा चासीला पक्का बांधून फीड पंपाकडे जाणारा पाइप आणि परतीचा पाइप त्यात सोडायचा आणि लोडसह चढावर जायचे. गाडी नीट चढली तर दोष टाकीत, तिच्या पाइपात किंवा डिझेलमध्ये आहे. तरीही मेली तर टाकी सुटली. कॉमन रेलच्या, म्हणजे उच्च दाबाच्या इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणेच्या, गाडीत ही चाचणी करताना डबा, पाइप आणि जोडण्या धुऊन-पुसून घेतल्या पाहिजेत, कारण तिथे बारीक कचरासुद्धा इंजेक्टरचा जीव घेतो.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेवर दाब वातावरणापेक्षा कमी असतो. म्हणून तिथली गळती बाहेर ठिबकत नाही; डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. कोरडी दिसणारी जोडणी याच कारणाने फसवी असते. सैल क्लिप, कडक होऊन चिरलेला रबरी पाइप, दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर, वॉटर सेपरेटरच्या काचेखालची दबलेली रिंग ही हवा शिरण्याची नेहमीची ठिकाणे. रात्रभर उभी गाडी सकाळी उशिरा सुरू होणे ही याच दोषाची सोबतीण, कारण त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल टाकीत परत उतरते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप बसवून पाहिले की फेसाळ डिझेल डोळ्यांनी दिसते. रबरी पाइपाचा आणखी एक डाव आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपाचे आतले अस्तर सुटते आणि जोराची ओढ लागली की आतल्या आत मिटते.

यानंतर मीटर लावायचे. एक व्हॅक्युम मीटर फीड पंपाच्या आधी, एक प्रेशर मीटर फिल्टरच्या नंतर. पंपाआधीचा निर्वात ०.३ बारच्या वर गेला की बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिका त्याला अडथळा मानतात. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. फीड पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणून ओढीकडचा अडथळा कधीकधी उभ्या गाडीतही पूर्ण रेसवर मीटरवर उमटतो. फिल्टरनंतरचा दाब मात्र बहुधा लोडवरच कोसळतो, कारण जाळण्यासाठी पुढे जाणारे डिझेल तेव्हाच वाढते. त्यासाठी मीटरला लांब, मजबूत पाइप जोडून ते समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवतात आणि गाडी भरलेली घाटात नेतात. डिझेलचा पाइप केबिनच्या आत कधीही घेऊ नये. दोन्ही मीटर एकत्र वाचले की उत्तर स्पष्ट होते. निर्वात वाढला आणि दाब पडला, तर अडथळा पंपाच्या मागे आहे. निर्वात जागेवर आणि दाब पडला, तर फीड पंप थकला आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजून त्यातला कोणता, हे कळते. दोन्ही आकडे शेवटपर्यंत टिकले आणि तरी गाडी मेली, तर कमी दाबाची सगळी वाट निर्दोष ठरली. दोन मीटरांची किंमत एका इंजेक्टरहून किती तरी कमी आहे. तरीही हमरस्त्यांवरच्या अनेक गॅरेजांत स्कॅनर येऊन पोचला आणि मीटर आले नाहीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

जुना फिल्टर फेकून देऊ नये. तो कापून आतला कागद उलगडून पाहावा. काळी, बुळबुळीत साय दिसली तर टाकीत पाणी साठून त्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढले आहेत. पावसाळ्यानंतर हे पुष्कळदा दिसते. तांबूस कणी म्हणजे टाकी गंजली. चकाकणारा धातूचा चुरा पंपाच्या पुढच्या किंवा परतीच्या वाटेवर दिसला, तर उच्च दाबाचा पंप आतून झिजतो आहे आणि तो चुरा इंजेक्टरांपर्यंत पोचला आहे. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळी वाट धुवावी आणि काही भाग बदलावे लागतात. वॉटर सेपरेटरमधले पाणी पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवले की खाली पाणी आणि वर डिझेल वेगळे होते. हिमालयाच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांत थंडीने डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतो आणि लक्षणे अगदी चोंदलेल्या फिल्टरची असतात. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले.

यांत्रिक पंपाच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचा पंप बहुतेकांच्या तोंडी ‘मायको पंप’ आहे. मायको म्हणजे १९५१ मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा तिचा कारखाना नाशिकला आहे. या पंपांत मोठ्या दुरुस्तीआधी तीन छोट्या गोष्टी पाहायच्या. फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती कुणी काढून पाहत नाही आणि ती चोंदलेली असते. पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह ढिला पडला की पंपाच्या पोटात दाब टिकत नाही आणि लोडवर डिझेल कमी पडते. आणि इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर खिळखिळी असली की खड्ड्यात किंवा जोराच्या कंपनात तो क्षणभर सुटतो आणि इंजिन बंद होते.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाले. काही गाड्यांत त्यानंतरही यांत्रिक लाइन पंप टिकून राहिला, पण बहुतेक ट्रक कॉमन रेलकडे वळले. यात पंप सर्व इंजेक्टरांना जोडलेल्या एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरतो आणि इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतात. उभ्या गाडीत रेलचा दाब काही शे बार असतो. पूर्ण लोडवर तो १६०० बार किंवा त्याहून वर न्यावा लागतो. कंट्रोल युनिट सतत दोन आकडे ताडून पाहते: हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब. दोहोंत मोठी तफावत काही क्षण टिकली की ते आधी ताकद कापते आणि दाब फार खाली गेला तर इंजिन थांबते. स्कॅनरवर तेव्हा ‘पी००८७’ किंवा अवजड वाहनांच्या पद्धतीत ‘एसपीएन १५७’ असा कोड येतो. रेलचा दाब कमी आहे, एवढेच तो सांगतो. कोड आला म्हणून पंप बदलणे ही या बिघाडातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण चोंदलेल्या फिल्टरनेही हाच कोड येतो. कमी दाबाची वाट आधी मीटरने निर्दोष ठरवल्याखेरीज पुढे जायचेच नाही.

ती निर्दोष ठरली की दाब कुठे निसटतो हे पाहायचे. झिजलेला इंजेक्टर फवारण्याऐवजी बरेच डिझेल परतीच्या वाटेने सोडून देतो. प्रत्येक इंजेक्टरचा परतीचा पाइप वेगवेगळ्या मापाच्या बाटलीत सोडून ठरावीक वेळ इंजिन चालवले की एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त भरते, दोषी तोच. रेलवरचा दाबमर्यादा व्हॉल्व्ह एकदा उघडून पुरता न मिटल्यास तिथूनही डिझेल परत जाते. त्याचा परतीचा पाइप सोडून पाहिला की कळते, कारण एरवी तिथे थेंबही यायला नको. पंपाला किती डिझेल घ्यायचे हे ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह पाण्याने किंवा मळाने अडकला तर दाब लाटांसारखा वरखाली होतो. हे तिन्ही बाद झाल्यावरच पंप दोषी धरावा.

इथे एक इशारा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. मायको पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून नोझलचा पाइप सैल करायचा आणि कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कॉमन रेलवर ती कधीही करू नये. हजार बारच्या पुढचा डिझेलचा बारीक झोत हातमोजा आणि कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर मलमपट्टीत वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

विजेचा दोष लोडवरच का दिसावा, असा प्रश्न पडतो. खालच्या गिअरमध्ये पूर्ण ताकद लागली की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला झुकते. माउंटिंगचे रबर दबलेले असेल, तर ते आणखी झुकते. त्या झुकण्याने ताणलेली वायर, चासीला घासून सोललेला वायरिंगचा पट्टा, इंजिन आणि चासी यांमधली सैल अर्थ पट्टी नेमकी त्याच क्षणी संपर्क सोडते. उभ्या गाडीत हे पाहायचे तर इंजिन चालू ठेवून वायरिंग हाताने हलवून बघावे, आणि मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनाच्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ कच्ची आहे. क्रँक सेन्सरची गोष्ट उष्णतेची आहे. त्याच्या आतली बारीक तार तापल्यावर सुटते आणि गार झाल्यावर जुळते. त्यामुळे थंड गाडीत त्याचे सगळे आकडे ठीक येतात. गरम हवेच्या गनने सेन्सर तापवून आकडा घेतला की तो पकडता येतो. दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होण्याचे लक्षण टाकीतल्या कचऱ्याचेही आणि या सेन्सरचेही. दोहोंना वेगळे करतो तो आरपीएमचा काटा, म्हणूनच तो प्रश्न आधी विचारायचा.

हवेची वाट तुलनेने सोपी आहे. एअर फिल्टर चोंदला, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटला किंवा क्लिप निसटली की काळा धूर येतो आणि ओढ जाते. फाटलेला होज लोडवर शिट्टीसारखा वाजतो. इंजिन पूर्ण बंद पडणे या बाजूने क्वचितच घडते. धुराच्या वाटेवर एक्झॉस्ट ब्रेकची झडप मात्र लक्षात ठेवावी. उतारावर वापरलेली ही झडप काजळीने अर्धी मिटलेली राहिली की पुढच्या चढावर इंजिन गुदमरते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डिझेल निर्दोष असूनही ताकद जाण्याची आणखी दोन कारणे आली. काजळी अडवणारा फिल्टर वेळेवर जळून साफ झाला नाही, तर मागचा दाब वाढतो आणि कंट्रोल युनिट ताकद कमी करते. सतत कमी वेगाने, कमी अंतरावर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होते. दुसरे कारण डीईएफचे. हे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण आहे. ते संपले, त्यात पाणी मिसळले किंवा त्याच्या यंत्रणेशी छेडछाड झाली, तर आधी टॉर्क आणि मग वेग कापला जातो. चालकाला दोन्हीत ‘गाडी ओढत नाही’ एवढेच जाणवते. डॅशबोर्डवरचे दिवे आणि कोड इथे सरळ उत्तर देतात. पंप-नोझलपर्यंत जाण्याचे कारण नसते.

तापण्याचा प्रश्न वेगळा. घाटात वेग कमी असल्याने रेडिएटरवर समोरून वारा येत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. पंख्याचा क्लच घसरत असेल, रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि चिखल बसला असेल, तर काटा सपाटीवर मधोमध आणि चढावर लाल पट्ट्यात जातो. इलेक्ट्रॉनिक गाडी ताकद कापते. काही गाड्या ठरावीक मर्यादेनंतर इंजिन बंदच करतात. यांत्रिक गाडीला हे संरक्षण नाही. तिथे पिस्टन फुगून लायनरला पकडतो आणि इंजिन जड होत जाऊन थांबते. अशा इंजिनाला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे म्हणजे लायनर कायमचे खरडणे. ते गार होऊ द्यावे, पाणी आणि ऑइल पाहावे, ऑइलमध्ये पाणी दिसले तर गाडी टो करूनच न्यावी.

दोष सापडून भाग बदलला, तरी पडताळणी शिल्लक राहते. तीही लोडवरच करायची असते: तेवढाच माल, तोच चढ, तीच टाकीची पातळी आणि शक्यतो दुपारचीच वेळ. स्कॅनर असेल तर रेलचा हवा असलेला आणि प्रत्यक्ष दाब संपूर्ण चढभर नोंदवून घ्यावा. नसेल तर काचेवरचे मीटर पुन्हा बांधावेत. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी ओढीकडचा निर्वात किंचित वाढलेला दिसला, तर गाडी बंद पडण्याआधीच फिल्टर बदलता येतो. टाकी साफ केली असेल, तर नवा फिल्टर पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा कापून पाहावा, कारण टाकीच्या भिंतींवरून सुटलेला उरलासुरला मळ त्याच काळात त्याच्यापर्यंत येतो.